कासवाचे डोळे सुजले, मिटले किंवा पांढरे झाले तर: घरी काय करायचं, डॉक्टरांकडे कधी न्यायचं

कासवाचा डोळा सुजलेला दिसला की बहुतेक जण थेंबांची बाटली आणतात. दोन-चार दिवस थेंब घालतात, सूज तशीच राहते, मग दुसरी बाटली येते. तोवर कासवाने खाणं सोडलेलं असतं. थेंबांचा उपयोग होत नाही असं नाही, पण पाळलेल्या कासवांमध्ये डोळ्यांच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा आहारात, पाण्यात, तापमानात किंवा दिव्यात सापडतं. ते तसंच ठेवून फक्त डोळ्यावर उपचार केला तर सूज उतरत नाही, उतरलीच तर महिन्याभरात परत येते. म्हणून या लेखात औषधाइतकीच जागा टाकीला आणि खाण्याला दिली आहे.

आधी ठरवा: किती घाई आहे?

खालीलपैकी काहीही दिसत असेल तर पुढचं वाचत बसू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांना त्याच दिवशी फोन करा.

- तोंड उघडून किंवा मान ताणून श्वास घेणं, नाकातून फेस किंवा फुगे येणं
- पाण्यात एका बाजूला कलून तरंगणं, बुडी मारता न येणं
- डोळ्यातून रक्त येणं, डोळ्याच्या पृष्ठभागावर चीर किंवा खड्डा दिसणं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटणं
- हात लावला तरी पाय आत न घेणं, मान लुळी पडणं
- तळहातात मावणाऱ्या पिल्लाने तीन-चार दिवस काहीच न खाणं

मोठं, धडधाकट कासव आठवडाभर न खाता तग धरतं, पिल्लाकडे तेवढा साठा नसतो. दोन्ही डोळे पूर्ण मिटलेलं पिल्लू दिसलं तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवायचंच, असं ठरवून टाकलेलं बरं.

कासवाचा डोळा आपल्या डोळ्यासारखा नाही

कासवाला वरची आणि खालची पापणी असते, शिवाय डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून सरकणारी तिसरी पातळ पापणीही असते. जास्त हलते ती खालची पापणी. डोळ्यावरून क्षणभर पांढुरका पडदा सरकून गेला तर ती तिसरी पापणी, घाबरायचं कारण नाही. पडदा तिथेच अडकून राहिला तर मात्र काहीतरी खुपतंय किंवा कासव अशक्त झालंय.

अश्रू नाकात वाहून नेणारी नळी कासवांना नसते. त्यामुळे जमिनीवरच्या कासवाच्या डोळ्याखाली ओलावा दिसणं नेहमीचं आहे. स्वच्छ, पाण्यासारखा ओलावा ठीक. चिकट, फेसाळ किंवा पिवळट स्राव असेल तर ठीक नाही.

तिसरी गोष्ट उपचाराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू वाहत नाही. तो चीजसारखा घट्ट होतो आणि पापणीखाली गोळा होऊन बसतो. वर कितीही थेंब घातले तरी हा गोळा विरघळत नाही, औषधही त्याच्या पलीकडे पोचत नाही. तो हलक्या हाताने काढावा लागतो आणि ते काम डॉक्टरांचं आहे.

निरोगी डोळे उघडे, चकचकीत आणि दोन्हीकडे सारखे दिसतात. दिव्याखाली शेकत असताना कासव डोळे मिटून पडलं असेल तर ते आरामात आहे. जवळ गेल्यावर किंवा खाणं टाकल्यावर त्याने डोळे उघडले की काळजी मिटली.

एक डोळा की दोन्ही? इथून सुरुवात करा

कारण शोधताना सगळ्यात जास्त मदत या एका प्रश्नाची होते. एकाच डोळ्याला त्रास असेल तर मार, ओरखडा, चावा, वाळूचा कण किंवा त्या डोळ्यापुरता संसर्ग असण्याची शक्यता जास्त. दोन्ही डोळे एकदम बिघडले असतील तर आहार, पाणी, दिवा किंवा अंगभर पसरलेला आजार यांच्याकडे बघायचं.

*दोन्ही पापण्या हळूहळू फुगल्या, कासव लहान आहे, आणि खाण्यात सुकी कोळंबी किंवा नुसतं मांस.* ही व्हिटॅमिन एच्या कमतरतेची अगदी ठरलेली गोष्ट आहे. रेड-इअर्ड स्लायडरसारख्या पाणकासवांमध्ये आणि बॉक्स टर्टलमध्ये ती वारंवार दिसते. अंड्यातून बाहेर येताना पिल्लाला आईकडून थोडा साठा मिळालेला असतो, त्यामुळे सुरुवातीचे महिने चुकीच्या आहारावरही छान जातात. साधारण सहा महिन्यांनंतर साठा संपतो आणि लक्षणं दिसू लागतात. मालक म्हणतात, 'पहिल्यापासून हेच खातंय, तेव्हा काही झालं नाही.' झालं नाही, कारण तेव्हा ते साठ्यावर जगत होतं.

शरीरात काय होतं ते समजून घेण्यासारखं आहे. व्हिटॅमिन ए कमी पडलं की ग्रंथींच्या आणि नलिकांच्या आतलं नाजूक, ओलसर अस्तर जाड आणि कोरडं बनतं. मेलेल्या पेशींचा थर साचून अश्रुग्रंथींची तोंडं बुजतात, ग्रंथी फुगतात आणि पापण्या वर येतात. डोळा बंद झाला की कासवाला खाणं दिसत नाही, खाणं नाही म्हणून कमतरता वाढते. असं चक्र सुरू होतं. हेच अस्तर नाकात, फुप्फुसात, कानात आणि मूत्रपिंडातही बिघडतं, म्हणून अशा कासवाला सोबत श्वसनाचा संसर्ग किंवा कानात गळू झालेलं सापडतं.

एक इशारा इथेच देतो. सुजलेला डोळा दिसला की 'व्हिटॅमिन ए कमी आहे' असं म्हणून मोकळं होण्याची सवय फार पसरली आहे. गवत आणि हिरवा पाला खाणाऱ्या जमिनीवरच्या कासवाला ही कमतरता सहसा होत नाही. वनस्पतींमधल्या कॅरोटीनपासून त्याचं शरीर हे व्हिटॅमिन तयार करतं. त्याला उगाच इंजेक्शन दिलं तर फायदा शून्य आणि धोका मोठा. मात्रा जास्त झाली तर काही दिवसांनी कासवाची कातडी कोरडी पडून तुकड्यातुकड्याने सोलवटते आणि आतलं मांस उघडं पडतं.

*दोन्ही डोळे लाल, कासव पुढच्या पायाने ते चोळतंय, पाण्याला वास येतोय.* पाणी तपासा. कासवाच्या विष्ठेतून आणि कुजलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो डोळ्यांना जाळतो. पाणी स्वच्छ दिसणं हा पुरावा धरू नका. अमोनियाला रंग नसतो.

*दिव्याखाली डोळे घट्ट मिटतं, बाजूला नेलं की उघडतं, आणि दिवा नुकताच बदललाय.* यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा फार जवळ आहे, फार तीव्र आहे किंवा बाजूने थेट डोळ्यात येतोय. डोळ्याच्या पृष्ठभागाला चक्क चटका बसतो. दिवा तात्पुरता बंद केला की बऱ्याच कासवांचे डोळे काही दिवसांत उघडतात. म्हणून दिवा बदलल्याची तारीख आठवून बघा.

*डोळे खोल गेलेले, भोवतीची कातडी सैल.* शरीरातलं पाणी कमी झालंय किंवा कासव बरेच दिवस उपाशी आहे. जमिनीवरच्या कासवांमध्ये जास्त दिसतं.

*डोळ्यांतून आणि नाकातून एकदम स्राव.* जमिनीवरच्या कासवांमध्ये मायकोप्लाझ्मा जिवाणूचा किंवा हर्पीज विषाणूचा संसर्ग असू शकतो. दोन्ही एका कासवाकडून दुसऱ्याकडे जातात. घरात आणखी कासवं असतील तर त्याच क्षणी वेगळं करा. भांडी, जाळी, हातमोजेही वेगळे ठेवा.

*डोळा पांढरा झालाय.* उजेडात, बाजूने बघा. पांढरेपणा अगदी वरच्या पृष्ठभागावर असेल तर पारदर्शक पटलावर ओरखडा, व्रण किंवा संसर्ग. पृष्ठभाग स्वच्छ आणि पांढरेपणा आत, बाहुलीच्या मागे असेल तर मोतीबिंदू. शीतनिद्रेत गोठणबिंदूखालची थंडी सोसलेल्या कासवांच्या डोळ्यांतही असे बदल होतात. व्रणाला तातडीने उपचार हवा, मोतीबिंदूला दोन दिवस उशीर झाला तर बिघडत नाही.

*सूज डोळ्याच्या मागे, डोक्याच्या बाजूला गोलसर.* हा डोळ्याचा आजार नाही, कानातलं गळू आहे. कासवाचा कान बाहेरून दिसत नाही, फक्त एक गोल चकती असते आणि गळू झालं की ती फुगते. यावर औषधाने भागत नाही, भूल देऊन घट्ट पू काढावा लागतो.

पहिल्या दिवशी काय करायचं

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंतचा काळ वाया घालवू नका. या तासांत केलेलं काम नंतरच्या औषधाइतकंच कामी येतं.

पहिलं, कासव वेगळं करा. गुळगुळीत प्लास्टिकचा मोठा टब पुरतो. खाली वाळू, खडे, भुसा काही नको, जमिनीवरच्या कासवासाठी साधा कागद किंवा टॉवेल अंथरा. पाणकासवाला पाणी इतकंच ठेवा की तळाशी उभं राहून मान वर केली की नाक बाहेर येईल. डोळे मिटलेल्या अशक्त कासवाला खोल पाण्यात पोहत राहावं लागलं तर ते बुडू शकतं. बाहेर चढायला उताराची जागा द्या.

दुसरं, ऊब. कासवाची प्रतिकारशक्ती बाहेरच्या तापमानावर चालते. थंड पाण्यात ठेवलेल्या कासवाला सर्वोत्तम औषध दिलं तरी ते नीट काम करत नाही. स्लायडरसाठी पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस आणि शेकायची जागा ३२ ते ३५ अंश ठेवा. हाताला कोमट लागलं म्हणजे झालं असं नाही, थर्मामीटर बुडवून बघा. दुसऱ्या जातींचा आकडा वेगळा असेल. त्या जातीला लागणाऱ्या तापमानाच्या वरच्या टोकाला राहायचं, आणि टबाचा एक भाग थोडा गार ठेवायचा, म्हणजे नको असेल तेव्हा कासव तिकडे सरकेल.

तिसरं, पाणी रोज पूर्ण बदला. छोट्या टबात फिल्टर नसतो, त्यामुळे एका दिवसात पाणी खराब होतं. नळाच्या पाण्यात नुसता क्लोरीन असेल तर उघड्या भांड्यात चोवीस तास ठेवल्यावर तो निघून जातो. क्लोरामाइन मात्र जात नाही, त्यासाठी माशांच्या टाकीत वापरतात ते डीक्लोरिनेटर लागतं. नक्की माहीत नसेल तर सरळ डीक्लोरिनेटर वापरा.

चौथं, वजन करा आणि लिहून ठेवा. ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा कासवासाठी राखून ठेवा, स्वयंपाकाचा वापरू नका. त्याच दिवशी दोन्ही डोळ्यांचे जवळून, समोरून आणि बाजूने फोटो काढा. सूज रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, फोटोंवरून कळतो. कासव आजारी असेपर्यंत दोन दिवसांनी वजन घ्या. पहिल्या वजनाच्या दहा टक्के घट झाली तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

जमिनीवरच्या कासवाला दिवसातून एकदा कोमट पाण्यात बसवा. पाणी २८-३० अंश, हनुवटीच्या खाली, पंधरा ते वीस मिनिटं. कासव पाणी पितं, शिवाय पापण्यांवरच्या सुकलेल्या खपल्या भिजून सुटतात. पाणी गार होऊ देऊ नका आणि कासवाला एकटं सोडून जाऊ नका.

सलाइनने डोळा धुणं

हे घरी करण्यासारखं आहे आणि नुकसान होत नाही, फक्त सलाइन योग्य हवं. ०.९ टक्के निर्जंतुक सलाइन औषधाच्या दुकानात मिळतं. अंदाजाने मीठ घालून घरी केलेलं वापरू नका. कॉन्टॅक्ट लेन्सचं सोल्यूशनही नको, त्यात जंतुनाशकं असतात.

सलाइनची बंद बाटली थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा. कासवाला कवचाच्या दोन्ही बाजूंनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध धरा. तिथे धरलं की नखं पोचत नाहीत. डोकं थोडं खाली झुकेल असं तिरपं करा आणि सुईशिवायच्या सिरिंजने पापणीवर हळूहळू धार सोडा. निर्जंतुक गॉज ओला करून मिटलेल्या पापणीवर मिनिटभर ठेवलात तरी सुकलेला स्राव सुटतो. मग नाकाकडून बाहेरच्या बाजूला एकदाच पुसा. दुसऱ्या डोळ्याला नवा गॉज. कापूस वापरू नका, त्याचे धागे डोळ्यात राहतात.

दिवसातून दोनदा पुरे. पापणी उघडत नसेल तर नखाने, चिमट्याने किंवा इअरबडने उचकटायला जाऊ नका. आत व्रण असेल तर डोळाच फुटू शकतो. पापणीखाली पिवळट गोळा दिसला तरी तो डॉक्टरांसाठी ठेवा.

हे डोळ्यात घालू नका

घरात कुणाच्या तरी डोळ्यांसाठी आणलेली अर्धी बाटली सापडतेच. तिच्यावरची नावं वाचा. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यांपैकी काही असेल तर ते स्टेरॉइड आहे. पटलावर व्रण असताना स्टेरॉइड पडलं तर व्रण खोल जातो आणि डोळा गमावण्याची वेळ येते. प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेले थेंब सर्रास मिळतात, तेच सगळ्यात फसवे. डोळ्यांची लाली घालवणारे आणि बधिर करणारे थेंबही नकोत.

मध, वनस्पतींचे काढे, तुरटी नको. कॉड लिव्हर तेल डोळ्यात सोडण्याचा सल्ला अजून फिरतो. त्याने डोळ्यावर तवंग येतो, पाणी घाण होतं आणि व्हिटॅमिन ए किती पोटात गेलं याचा हिशोब राहत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानातले 'टर्टल आय ड्रॉप्स' बहुतेक वेळा डोळा साफ करण्यापुरते असतात. सूज आणि संसर्ग त्याने बरा होत नाही, त्यात आठवडा घालवू नका.

आयव्हरमेक्टिन हे जंतांचं औषध कुत्र्या-मांजरांत, गुरांत वापरतात. कासवासाठी ते विष आहे. त्याने लकवा येऊन कासव मरतं. घरात दुसरे पाळीव प्राणी असतील तर त्यांच्या औषधांपासून कासव लांबच ठेवा.

डॉक्टरांकडे जाताना

सगळेच पशुवैद्य कासवं बघत नाहीत. फोनवरच विचारा, 'तुम्ही कासवांवर उपचार करता का?' नसतील करत तर कोण करतं, हे ते सांगू शकतात.

कासव भोकं पाडलेल्या कोरड्या डब्यात, ओलसर टॉवेलवर न्या. पाण्यात घालून नेऊ नका, हिंदकळत्या पाण्यात अशक्त कासवाच्या नाकातोंडात पाणी जातं. सोबत टाकीचे फोटो, खाण्याच्या डब्याचं लेबल, यूव्हीबी दिव्याचं नाव आणि तो कधी लावला ती तारीख, पाण्याचं तापमान, वजनाची नोंद घ्या. अनुभवी डॉक्टर डोळा बघण्याआधी हेच विचारतात.

तपासणीत फ्लुरोसीन नावाचा रंग डोळ्यात टाकतात. पटलावर व्रण असेल तर ती जागा हिरवी चमकते. पापणीखालचा घट्ट पू धुऊन काढतात, त्यासाठी कधी गुंगी द्यावी लागते. त्याचा नमुना घेऊन कोणता जंतू आहे आणि कोणतं प्रतिजैविक चालेल ते बघता येतं. श्वसनाचा त्रास वाटला तर एक्स-रे. शरीरातलं पाणी कमी असेल तर आधी सलाइन देतात, कारण काही प्रतिजैविकं कोरड्या पडलेल्या कासवाच्या मूत्रपिंडाला सोसत नाहीत. व्हिटॅमिन एचं इंजेक्शन वजनावर मोजून, दिवसांचं अंतर ठेवून देतात. आकडे मी मुद्दाम देत नाही. इथे थोड्या चुकीची किंमतही कातडी सोलण्यात मोजावी लागते, त्यामुळे ही मात्रा घरी ठरवायची नाही.

निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: औषध घातल्यावर किती वेळ कोरडं ठेवायचं, किती दिवसांनी फरक दिसायला हवा, आणि खाल्लं नाही तर किती दिवस वाट बघायची.

घरी थेंब आणि मलम घालताना

इथे बरेच जण हरतात, कारण कासव डोकं आत घेतं आणि बाहेर काढत नाही. ओढाताण करू नका. कासव मांडीवर टॉवेलमध्ये ठेवा, शांत बसा, ते स्वतःच डोकं बाहेर काढतं. मागचे पाय हलकेच आत ढकलले तर डोकं थोडं पुढे येतं, कवचात दोन्हीसाठी पुरेशी जागा नसते. डोकं आलं की जबड्याच्या मागे, दोन बोटांनी, जोर न लावता धरा. मान जबरदस्तीने बाहेर ओढायची नाही. चावणाऱ्या जातीचं किंवा मोठं कासव असेल तर दुसऱ्या माणसाची मदत घ्या.

धरताच आलं नाही तर सोपा मार्ग आहे. डोकं खालच्या बाजूला येईल असं कासव तिरपं धरा आणि मिटलेल्या पापणीच्या खोबणीत थेंब सोडा. कासवाने डोळा जरा किलकिला केला की औषध आत जातं. एक थेंब पुरतो. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, आधी थेंब, मग मलम. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकून द्या.

पाणकासवाला लगेच पाण्यात सोडलं तर औषध धुऊन जातं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर अर्धा ते एक तास उबदार, कोरड्या डब्यात ठेवा. काही जण 'जास्त वेळ कोरडं, जास्त गुण' समजून कासवाला दिवसदिवस पाण्याबाहेर ठेवतात. त्याने ते कोरडं पडतं, आणि पाण्याशिवाय ते खाऊही शकत नाही.

कोर्स पूर्ण करा. चौथ्या दिवशी डोळा उघडला म्हणून औषध बंद केलं की उरलेला संसर्ग परत डोकं वर काढतो, आणि दुसऱ्या वेळी तेच औषध लागू पडेलच असं नाही.

डोळे मिटलेल्या कासवाला खायला घालणं

पाणकासवाला घास गिळायला पाणी लागतं, म्हणून त्याला पाण्यातच भरवा. दिसत नसलं तरी वास येतो. माशाचा ताजा तुकडा किंवा गांडूळ लांब चिमट्याने नाकाजवळ धरून हळूच हलवा. घास ओठाच्या कडेला टेकवला तर पुष्कळ कासवं तोंड उघडतात. गोळ्यांचं खाणं माशाच्या पाण्यात भिजवून दिलं तर वास वाढतो. जमिनीवरच्या कासवासमोर वास येणारी फळाची फोड धरून बघा. एरवी फळ त्याच्या आहारात नसावं, पण भूक चाळवायला चालतं.

शेकून झाल्यावर, अंगात ऊब असताना प्रयत्न करा. दहा मिनिटांत नाही खाल्लं तर सोडा आणि पाणी बदला. तोंड जबरदस्तीने उघडून कोंबू नका, जबडा दुखावतो आणि घास श्वासनलिकेत जातो. फार दिवस उपास पडला तर डॉक्टर मानेच्या बाजूने अन्ननलिकेत नळी बसवतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण कासव ती चांगली सोसतं आणि तिच्यातून औषधही देता येतं.

मूळ कारणाची दुरुस्ती

कासव टबात आहे तोवर टाकी दुरुस्त करा.

पाण्यासाठी अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट घ्या. दोन्ही शून्य यायला हवेत. फिल्टर माशांच्या हिशोबाने घेतलेला असेल तर तो कासवाला पुरणार नाही, टाकीत जितकं पाणी आहे त्याच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा घ्या. दर आठवड्याला निदान पाव हिस्सा पाणी बदला. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला तर त्यातले उपयोगी जिवाणू क्लोरीनने मरतात आणि अमोनिया पुन्हा चढतो. काढलेल्या टाकीच्याच पाण्यात तो पिळून घ्या.

दिवा वरून, सरळ खाली पडेल असा लावा. लांब ट्यूब असेल तर बरं. अंतर दिव्याच्या ताकदीवर ठरतं, म्हणून वेष्टनावरचा आकडा पाळा. काचेतून किंवा प्लास्टिकमधून यूव्हीबी येत नाही, त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा त्यासाठी उपयोग नाही. दिवा पेटलेला दिसतो तरी त्यातलं यूव्हीबी संपत जातं, सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावा लागतो. रोज दहा-बारा तास उजेड आणि मग पूर्ण काळोख. रात्रभर दिवा चालू ठेवला तर डोळ्यांना विसावा मिळत नाही.

खाण्याचा पाया चांगल्या प्रतीच्या कासवांच्या गोळ्यांवर ठेवा. त्यात व्हिटॅमिन ए घातलेलं असतं, पण डबा उघडून वर्ष झालं असेल तर त्याच्यावर विसंबू नका, ते हवेने आणि उष्णतेने कमी होतं. छोटा डबा घ्या. पाणकासवाला अधूनमधून आतड्या-यकृतासह अख्खा छोटा मासा द्या, यकृतात व्हिटॅमिन एचा साठा असतो. नुसत्या मांसाच्या तुकड्यात तो नसल्यासारखाच. किसलेलं गाजर, लाल भोपळा, रताळं, गडद हिरव्या पालेभाज्या हे कॅरोटीनसाठी. फिकट, पाणीदार लेट्यूसने फक्त पोट भरतं. सुकी कोळंबी कासवाला फार आवडते आणि सगळा घोळ तिथेच होतो. ती खाऊ म्हणून ठीक, जेवण म्हणून नाही. त्यावरच वाढलेलं कासव गोळ्यांना तोंड लावत नाही. सवय मोडायला दोन-तीन आठवडे लागतात. पण ही जबरदस्ती मोठं, तब्येतीने ठीक असलेलं कासव असेल तेव्हाच करा, डोळे सुजलेलं असताना नाही. तेव्हा ते जे खाईल ते द्या.

जमिनीवरच्या कासवासाठी अंथरूण बदला. बारीक वाळू, धुळीचा भुसा आणि टोकदार वाळलं गवत या तिन्हींनी डोळे खराब होतात.

किती दिवसांत बरं होतं

पाण्यामुळे किंवा दिव्यामुळे झालेली जळजळ कारण काढलं की काही दिवसांत ओसरते. साधा ओरखडा आठवड्या-दोन आठवड्यांत भरतो. व्हिटॅमिन एच्या कमतरतेला मात्र आठवडे लागतात, कारण बिघडलेलं अस्तर जाऊन नवं यावं लागतं. पहिल्या आठवड्यात डोळा तसाच दिसला म्हणून निराश होऊ नका. भूक परत येणं आणि वजन टिकणं ही सुधारणेची पहिली खूण आहे, सूज त्यानंतर उतरते. दोन आठवडे नीट उपचार करूनही फोटोत काहीच फरक नसेल तर पुन्हा दाखवा. पापणीखाली गोळा उरला असेल, जंतूवर औषध चालत नसेल किंवा निदानच वेगळं असेल.

कासव हाताळताना तुमचीही काळजी घ्या. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असतात. लहान मुलांना होणाऱ्या संसर्गामुळे अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. दर वेळी साबणाने हात धुवा. टब आणि सिरिंज स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी घरात असेल तर औषध घालायचं काम दुसऱ्याने करावं.

काही वेळा उशीर झालेला असतो आणि एका डोळ्याची किंवा दोन्हींची नजर जाते. अशी कासवं वासावर आणि सवयीवर बरीच वर्षं जगतात. टाकीतले दगड, उतार, दिवा यांची जागा बदलू नका, पाणी उथळ ठेवा, खाणं रोज त्याच वेळी त्याच कोपऱ्यात द्या आणि त्याला दुसऱ्या कासवासोबत ठेवू नका, कारण न दिसणाऱ्याला चावे बसतात आणि त्याचा घासही दुसरंच पळवतं.